हिरव्या पैलवानाची किंमत

३ जानेवारी १९७३, बुधवार. काष्टी

हे लिहायला बसण्याचं कारण एकच. या घरात काल बोललेलं आज कोणी कबूल करत नाही. काल जेवताना मी स्पष्ट सांगितलं की माझ्या ट्रंकेच्या तळाशी जे इंग्रजी चित्रपुस्तक अंथरलेलं आहे ते मौल्यवान असून त्याला कोणी हात लावू नये. ह्यांनी मान हलवली. आज सकाळी पुन्हा बजावलं तर म्हणतात, "कंचं चित्रपुस्तक?" तेव्हा यापुढे सगळं तारीखवार. ही वही दुसऱ्या कोणासाठी नाही. माझ्यासाठी, आणि प्रसंग आला तर पुरावा.

हे म्हणजे भिमाजीराव, माझे यजमान. पुराव्यात नाव लागतं म्हणून एकदा लिहिलं.

४ जानेवारी

हकिकत. नगरहून आणलेल्या खोकल्याच्या औषधाला इंग्रजी पेपर गुंडाळलेला होता. कागद टाकण्यापूर्वी वाचायची मला सवय आहे. त्यात बातमी: अमेरिकेत मुलांच्या एका जुन्या चित्रपुस्तकाला, मूळ किंमत दहा सेंट, लिलावात अठराशे डॉलर आले. म्हणजे आपले साडेतेरा हजारांच्या आसपास. दोनदा वाचलं. मग ट्रंक रिकामी केली.

माझं पुस्तक १९३९ चं. पहिला अंक. दहा सेंट. मुखपृष्ठावर हिरव्या घट्ट कपड्यांतला, तोंडाला फडकं बांधलेला एक धिप्पाड इसम फुटतं धरण दोन्ही हातांनी अडवून उभा आहे. बातमीतलं पुस्तक माझ्या पुस्तकापेक्षा वर्षाने जुनं, हे मान्य. पण ते अमेरिकेत सापडलं. माझं काष्टीत आहे. जास्त दुर्मिळ कोणतं हे चौथीतली मुलगीही सांगेल.

६ जानेवारी, शनिवार

बाजाराचा दिवस, पण या दुष्काळात बाजार कसला. बैल घेणारा कोणी नाही, विकणारेच सगळे.

पुस्तक माझं कसं, हे नोंदवून ठेवते. मी बी.ए. होऊन नगरला मुलींच्या शाळेत नोकरी करत होते. तिथल्या एक अमेरिकन मॅडम लढाई सुरू झाल्यावर मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. मी पुस्तकांचा गठ्ठा घेतला. कोशांच्या मधोमध हे निघालं. वाचण्याच्या लायकीचं नव्हतं, म्हणून लग्नात ट्रंकेच्या तळाला घातलं.

लग्न १९४० साली. सासऱ्यांना गावात मुलींची शाळा हवी होती, म्हणून त्यांनी सून बी.ए. पाहिली. मुलगा चौथी. सासरे करारी होते. घरात घड्याळ नव्हतं. मी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली की सावली पाहून शाळा भरवता येणार नाही. सासरे म्हणाले, "सूर्य काय उशिरा उगवतोय व्हय?" पहिलं घड्याळ मी माझ्या पगारातून घेतलं. या घराने मला काय दिलं याचा हिशेब कधीतरी मांडणार आहे.

९ जानेवारी

प्लॅन ठरला. पुस्तक विकायचं आणि नगरला नळाचा ब्लॉक घ्यायचा. मी रिटायर होऊन दीड वर्ष झालं. इथे टँकरची वाट बघायची, रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकन लाल ज्वारीच्या, भाकरी थापायच्या आणि लंकाबाईची बडबड ऐकायची. लंकाबाई माझी धाकटी जाऊ. मीच तिला लिहा-वाचायला शिकवलं, आता ती मलाच पेपर वाचून दाखवते, तोही जोरात. नगरला सुशिक्षितांचा शेजार मिळेल.

ह्यांना विचारलं, तुम्ही येणार का. म्हणाले, "गुरं छावनीत हायती. मी गेल्यावर कोन बघंल?" मग थोड्या वेळाने, "बाई, पुस्तक न्हेलंच पायजे का?"

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हे मला 'बाई' म्हणतात, कारण सगळं गाव म्हणत होतं. पण मुद्दा तो नाही. बायको तेहतीस वर्षांचा संसार सोडून चालली आहे आणि माणूस विचारतो पुस्तकाचं. विश्वासघाताला वेगळे कपडे नसतात. तो असा धोतर-टोपीत समोर बसून भाकरी खातो.

मी एकटी जाणार. निश्चय पक्का.

१२ जानेवारी

मुंबईच्या एका लिलाव पेढीला लिहिलं होतं. कार्ड आलं. त्यांचे गृहस्थ २ फेब्रुवारीला नगरच्या कँपातल्या एका बंगल्याचं फर्निचर पाहायला येणार आहेत. पुस्तक तिथे दाखवावं. "आहे त्या स्थितीत आणावे," असं खाली रेघ मारून लिहिलं आहे.

ही सूचना निष्काळजी लोकांसाठी असणार. मी पस्तीस वर्षांत एकही पुस्तक आहे त्या स्थितीत ठेवलेलं नाही.

कार्ड ह्यांनीच आणून दिलं. पोस्टमन आसाराम वेशीत दिसला की हे हातातलं काम टाकून पुढे जातात. तीस वर्षांत पोस्टमन तिघे बदलले, ह्यांची सवय बदलली नाही. ह्यांना पत्र लिहिणार कोण? नुसत्या गप्पा मारायची हौस.

१७ जानेवारी

दुरुस्तीचं काम टाइमटेबलप्रमाणे.

सकाळी: पुस्तक दोन तास कडक उन्हात. कुबट वास गेला. हिरवा रंग थोडा उतरला, पण आधी जरा भडकच होता.

दुपारी: फाटलेली पानं गव्हाच्या खळीने चिकटवली. शेवटच्या पानावर चौकोनी भोक सापडलं. कसर लागली असावी. कसर इतक्या सरळ रेषेत खाते हे मला माहीत नव्हतं. मागून खाकी कागद लावला. तिथे नुसती जाहिरात होती, नुकसान काही नाही.

संध्याकाळी: मजकूर तपासला. इंग्रजी अत्यंत गावठी. सगळी पात्रं शब्दांची शेपटं खाऊन बोलतात. लाल शाईने जागोजागी शुद्ध केलं. आता पुस्तक निदान वाचण्यालायक झालं. किंमत यानेच वाढणार.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "पैलवान लई पांढरा पडला, बाई." हे त्या हिरव्या इसमाला पैलवान म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

२० जानेवारी, शनिवार

पॅसेंजरने नगर. बाइंडर नबीलालकडे पुस्तक दिलं. माझ्या शाळेची हजेरीबुकं त्याच्याकडेच बांधायला जात. म्हणाला, "बाई, पुस्तक फार पातळ आहे, पुठ्ठ्यात उभं राहणार नाही." मी सांगितलं, मागेपुढे कोरे कागद घाल, चांगले जाड. कापड लाल. कडा कापून एकसारख्या कर. त्याने विचारलं, "काप किती घेऊ?" म्हटलं, व्यवस्थित दिसेल इतका. "बाई, तुमचं काम म्हणजे काळजी नको," असं म्हणाला. कामाची कदर करणारा माणूस.

येताना ब्लॉक पाहिला. दुसरा मजला. नळ सोडून पाहिला. पाणी नव्हतं, पण नळ उत्तम आहे. मालकाला फेब्रुवारीचा शब्द दिला.

२५ जानेवारी

बांधणी होऊन आली. ओळखू येत नाही, इतकी सुंदर. वरच्या कडेला पैलवानाचं डोकं किंचित कापलं गेलं आहे. धरण शाबूत आहे. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव. चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक पानावर माझ्या वाचनालयाचा, 'भगिनी वाचनालय, काष्टी' असा शिक्का मारला. काही शिक्के चेहऱ्यांवर उमटले. त्याला इलाज नाही, चेहरे फार आहेत.

नवा अंदाज: ब्लॉक, शिवाय गॅसची शेगडी, शिवाय माझ्या नावाने मुलींना एक बक्षीस. लिलावात दोघे हट्टी भेटले तर फ्रीजसुद्धा.

२८ जानेवारी, रविवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवातच माझा निरोपसमारंभ उरकला. वाचनालय मी बावीस वर्षांपूर्वी माझ्या हाताने काढलं. बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून येतात आणि पुस्तक उघडलं की पेंगतात. डिसिप्लिन राहिलेली नाही. तरी आज सगळ्या आल्या. तिळगुळात तीळ कमी होते. बनुबाई रडली. तिच्याकडे दोन पुस्तकं थकीत आहेत, ती मी त्याच वेळी मागितली.

वाचनालयाच्या किल्ल्या सर्वांसमक्ष लंकाबाईला दिल्या. तिने भाषण केलं. "आक्का चालल्या, लई वाईट वाटतंय. आक्कांनी आमाला वाचायला शिकवलं. आता आमी जरा मोठ्यांदा वाचू." बायका हसल्या. मीही हसले. मोठ्या मनाने.

हे समारंभाला दाराबाहेर बसून होते. घरी ओट्यावर आल्यावर म्हणाले, "नगरला पोस्ट येळेवर येतं म्हनं." सारखं पोस्ट. मी नसताना हा माणूस पोस्टमनशी संसार करणार.

१ फेब्रुवारी

उद्या. पातळ इस्त्री करून ठेवलं. पुस्तक साबणाने धुतलेल्या स्वच्छ फडक्यात. लिलाववाल्याला पहिला आकडा आपण सांगायचा नाही, हे ठरवलं. त्यालाच बोलू द्यायचं आणि जरा गप्प बसून बघायचं. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा मी हेच करत असे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ

मन शांत ठेवून लिहिते.

गृहस्थ बंगल्याच्या व्हरांड्यात कपाटं मोजत होते. तरुण, चष्मा, आवाज बारीक. पुस्तक हातात घेऊन म्हणाले, "हे वहीखातं आहे का?" मी उघडून दाखवलं. त्यांनी चार पानं उलटली. मिटलं. पुन्हा उघडलं. विचारलं, "हे सगळं कोणी केलं?" मी सांगितलं, मी. त्यांनी नोकराकडे पाणी मागितलं.

मग कडा, शिक्के, शाई, ऊन असं बरंच काही पुटपुटले. आवाज बारीक असल्याने नीट ऐकू आलं नाही. इतकंच कळलं की अमेरिकेतल्या घेणाऱ्यांना पुस्तक छापखान्यातून निघालं तसंच लागतं. ही त्यांच्याकडची आवड. शेवटच्या पानावर आले, खाकी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "इथलं कूपन कात्रीने कापलेलं आहे."

मी विचारलं, याने किमतीत फरक पडतो का.

म्हणाले, "पडतो. पण बाई, आता या पुस्तकाला..."

मला एवढंच हवं होतं. पुढचं ऐकायची गरज नव्हती. कूपन. सगळा नाश कूपनामुळे. मागे घातलेले कोरे कागद मात्र उत्तम प्रतीचे आहेत, तेवढे वापरता येतील, असंही म्हणाले. ही एक कौतुकाची गोष्ट.

कात्री. म्हणजे कसर नव्हे. घरातला माणूस.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सर्वांना ओट्यावर बोलावलं. पुस्तक मध्ये ठेवलं. विचारलं, कात्री कोणी लावली?

लंकाबाई म्हणाली, "मला नका इचारू. तुमच्या ट्रंकंजवळून जायचं म्हनलं तरी मी श्वास धरून जाते."

ह्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "ते मी कापलं."

मी विचारलं, केव्हा.

"लग्नाच्या साली. तुमी शाळंत गेल्ता."

म्हणजे १९४० पासून हा माणूस माझी ट्रंक उघडतो आहे. मी शाळेत, आणि हे घरात पैलवान बघत बसलेले. एकदा नाही. म्हणे, "पावसाळ्यात काम नसलं की काढायचो. केवढं पानी, बाई, त्या धरनात. यंदा तर रोज बघावं वाटायचं." इंग्रजी येत नाही, तेव्हा गोष्ट स्वतःच रचली. पैलवान म्हणजे कालव्यावरचा पाटकरी, मुखवटा यासाठी की पाणी चोरणाऱ्यांनी ओळखू नये. आणि ३ जानेवारीला मला विचारतात, "कंचं चित्रपुस्तक?" नोंद आहे. वही काढून वाचून दाखवली.

तेहतीस वर्षं. इतकं खोटं वागता येतं.

कूपन कशाला कापलं, ते विचारलं. हे उठून छावणीत गेले.

४ फेब्रुवारी

बोलणं बंद ठेवलं आहे. कागद ठेवून कळवते. ह्यांना कागद ठेवलेला लक्षातच येत नाही, त्यावर तंबाखू मळतात.

ब्लॉकच्या मालकाला कळवलं की दुसऱ्या मजल्याचा जिना माझ्या गुडघ्यांना सोसणार नाही. गुडघे उत्तम आहेत. पण तो विषय नाही.

५ फेब्रुवारी

वाचनालयात गेले. थकीत पुस्तकांच्या दंडाची माझी पाटी काढलेली. बायका भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या आणि लंकाबाई मोठ्यांदा वाचत होती. कोणी पेंगत नव्हतं. तमाशा.

मी म्हटलं, मी नगरला जाण्याचं तूर्त तहकूब केलं आहे, किल्ल्या दे. लंकाबाई म्हणाली, "आक्का, निरोप झाला की वो तुमचा. नारळ घेतला, वटी घेतली. आता सेक्रेटरी मी. तुमी मेंबर व्हा, पयल्या रांगंत बसवते." मागून बनुबाई म्हणाली, "आन बाई, पुस्तक थकवू नका बरं का."

जिला अ, आ, इ शिकवलं तिने हे करावं. जिच्या थकबाकीकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला, तिनेही. काणाडोळा केलाच नव्हता, हे खरं, पण करू शकले असते.

८ फेब्रुवारी

पोस्टमन आसाराम भेटला. हे तापाने पडले आहेत, म्हणून दारापर्यंत आला. म्हणाला, "मालक दिसले न्हाईत येशीत, म्हनून आलो. आज बी काय न्हाई, सांगा त्यांना."

मी विचारलं, काय नाही?

म्हणाला, "पार्सल वो. अमेरिकेचं. माझ्या आधीच्या पोस्टमननं जाताना सांगितलं हुतं मला, त्याला त्याच्या आधीच्यानं. मालकाचं अमेरिकेवरून घड्याळ यायचं हाय, ध्यान ठिव. बाईंसाठी मागिवलंय म्हनं."

घरात येऊन ह्यांना विचारलं. कपाळावर पट्टी होती, डोळे मिटलेले. म्हणाले, "शेवटच्या पानावर बाईमानसाच्या हातातल्या घड्याळाचं चित्र हुतं. तुमी घड्याळावरून लई बोलायच्या. कूपन कापलं, पाकिटात चांदीचा रुपाया घातला, टाकलं पोष्टात. लढाई चालू हुती. बोट बुडली आसंल." मग पट्टी सारखी करून, "पर बुडली म्हनून कुनी सांगितलं न्हाई. मग वाट बघत ऱ्हायलो."

नाव-पत्ता इंग्रजीत कोणी लिहिला, विचारलं. म्हणाले, नाव माझ्या पदवीच्या सर्टिफिकेटावरून, गाव पोस्टाच्या शिक्क्यावरून. एकेक अक्षर बघून काढलं. चार दिवस लागले.

९ फेब्रुवारी

खाकी कागद भिजवून काढला आणि जाहिरातीचा उरलेला भाग वाचला. घड्याळ विकत मिळणार नव्हतंच. बियाण्यांची पाकिटं दारोदार विकणाऱ्याला ते बक्षीस होतं. कूपन म्हणजे विक्रेत्याचा अर्ज.

म्हणजे १९४० साली ह्यांनी मला, बी.ए., अमेरिकन फुलांची बी विकणारी म्हणून नोंदवलं. माझ्या परवानगीशिवाय. माझ्या माहेरच्या नावाने. कारण सर्टिफिकेटवर तेच होतं. असा विश्वासघात आजवर कोणाचा झाला असेल असं मला वाटत नाही.

ह्यांना हे सांगणं कर्तव्य होतं. दोनदा खोलीत गेले. एकदा पट्टी बदलली, एकदा पेज दिली. सांगायचं राहून गेलं.

११ फेब्रुवारी, रविवार

ताप उतरला. सकाळी हे म्हणाले, "आता इकलं जात न्हाई, तर पैलवान मला द्या." मागणी रीतसर होती. विचार केला. पुस्तकाला बाजारात किंमत नाही. ट्रंकेत पुन्हा घातलं तर हे पुन्हा चोरून काढणार. अधिकृतपणे दिलेलं बरं.

देण्यापूर्वी एकदा वाचून दाखवलं, अर्थासकट. पैलवान पाटकरी नसून एका पेढीचा मालक आहे आणि धरण त्याच्या स्वतःच्याच कंपनीचं आहे. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाई, बाई. लिवनाऱ्यास्नी म्हाईत न्हाई. तो पाटकरीच हाय." माझी दुरुस्ती अमान्य. वाद घातला नाही, अंगात अशक्तपणा आहे त्यांच्या.

आज रोजी सुपूर्द केले: इंग्रजी चित्रपुस्तक एक, लाल कापडी बांधणी, शिक्क्यांसह, पैलवानाचं डोकं वरून थोडं कमी, शेवटच्या पानावर चौकोनी भोक. देणार मी, घेणार हे. अटी: उन्हात ठेवू नये, थुंकी लावून पान उलटू नये, कात्री लावू नये.

पोच मागितली. ह्यांनी माझं पेन घेतलं आणि वही मांडीवर ओढली. म्हटलं, भिमाजी एवढंच लिहायचं आहे, इतका वेळ कशाला? म्हणाले, "इंग्रजी पुस्तकाची पोच इंग्रजीतच पायजे की."

खाली सही आहे. एकेक अक्षर सुटं, चित्र काढल्यासारखं. मनकर्णा ज्ञानोबा झरेकर, बी.ए. इंग्रजीत ह्यांना तेवढंच येतं.

घेणाऱ्याच्या जागी देणाऱ्याचं नाव. अशी पोच कोणत्याही नियमात बसत नाही. लाल शाईची बाटली हाताशी होती. दुरुस्ती केली नाही.